देवराई राखायची तर: सातबाऱ्यापासून करारापर्यंत

काळकाईच्या, सोमजाईच्या, वाघजाईच्या नावानं सोडलेल्या रानातली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नियम कुठल्या दप्तरात लिहिलेला नव्हता, तरी पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. आजूबाजूचा डोंगर बोडका झाला तरी तेवढ्या तुकड्यात बेहडा, किंजळ, सातवीण अजून उभे आहेत, गारंबीचे वेल झाडांवरून लोंबताहेत आणि खालचा झरा मे महिन्यातही वाहतो आहे, ते त्यामुळेच. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावानं सत्तरच्या दशकात काळकाईची राई तोडीतून वाचवली, तीही मुख्यतः या झऱ्यासाठी. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या देवरायांची शास्त्रीय नोंद केली आणि हे रान म्हणजे नुसती श्रद्धा नाही, गावानं चालवलेलं संवर्धन आहे, हे जगासमोर मांडलं.

अडचण अशी, की नियम गावाचा होता आणि जमीन कुणाच्या तरी नावावर. देवाचा धाक होता तोवर या दोन गोष्टींत भांडण नव्हतं. आता नव्या पिढीतला एखादा हिस्सेदार मुंबईला असतो, दलाल घरी येतो, जंगल ठेकेदार भाव सांगतो, किंवा देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे हवेत म्हणून गावच दहा झाडं काढायचं ठरवतं. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याला गावाचा अलिखित नियम बांधतो असं कायदा आपणहून म्हणत नाही.

म्हणून या सगळ्या खटाटोपाचं सूत्र एवढंच: मालकी कोणाचीही असू दे, रान मोडायचा अधिकार एकट्याच्या हातात राहता कामा नये. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. कायद्यांचे संदर्भ महाराष्ट्राचे आहेत. गोव्यात कोमुनिदादच्या जमिनी आणि पोर्तुगीज काळातले कागद असल्यामुळे वाट वेगळी पडते, तिथं तिथलाच वकील गाठावा.

पहिली पायरी: जमीन नक्की कोणाची?

सभा, फलक, वृक्षारोपण यांच्या आधी हे करा. ‘ती देवाची आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. देवराईचे गट किंवा सर्व्हे नंबर शोधा आणि प्रत्येकाचा सातबारा, आठ-अ आणि आजवरचे सगळे फेरफार काढा. ऑनलाइन उताऱ्यावर फक्त आजची स्थिती दिसते. खरी गोष्ट जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यांत, कडईपत्रकात, आकारबंदात (क्षेत्र आणि आकारणीच्या नोंदीत) आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या फेरफारांत असते. विदर्भात असाल तर निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज नक्की मागा. गावाचे सामाईक वापराचे हक्क त्यात नोंदलेले असतात आणि पुढे ते फार उपयोगी पडतात.

कागद हातात आले, की साधारण चार चित्रं दिसतात. पहिलं, कब्जेदार म्हणून देवाचंच नाव आणि खाली वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याचं, गुरवाचं किंवा पंचांचं. दुसरं, वनखात्याचं किंवा सरकारचं नाव. तिसरं, ग्रामपंचायतीकडचं गायरान किंवा तशी सार्वजनिक जमीन. चौथं, खासगी नाव, आणि कोकणात तर बहुतेक वेळा एका भावकीची पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नसलेली. एकाच देवराईत दोन-तीन प्रकार शेजारी शेजारी असणं अगदी नेहमीचं आहे. देऊळ देवस्थानच्या जमिनीत, दाट रान वनखात्याच्या आणि झरा कुणाच्या तरी खासगी गटात. तसं असेल तर प्रत्येक गटासाठी वेगळा मार्ग घ्यावा लागेल, हे मनाशी धरून पुढे जा.

‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियमाचा शेरा तिथं असू शकतो. तो असेल तर जमीन कागदोपत्री सरकारजमा झालेली असू शकते आणि मालक म्हणवणाऱ्याशी केलेला करार पोकळ ठरतो. कुळाची नोंद, बँकेचा बोजा, कोर्टातला वाद, सगळं इथंच दिसतं.

देवाच्या नावावर जमीन असेल तर एक गोष्ट ठामपणे लक्षात ठेवा. कायद्याच्या दृष्टीनं देव ही स्वतंत्र व्यक्ती आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव हवं. पुजारी हा व्यवस्था पाहणारा, मालक नव्हे. वहिवाटदाराचं नाव हळूच कब्जेदारात सरकलेलं दिसलं, तर तो कुठल्या वर्षीच्या कुठल्या फेरफारानं सरकला ते शोधा. माझ्या मते अनेक देवरायांची खरी लढाई या एका फेरफाराशीच आहे.

दुसरी पायरी: हद्द

भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्या खातेदारांना हजर ठेवा. कागदावरची हद्द आणि गावाच्या मनातली हद्द जुळत नाही असं बऱ्याचदा निघतं: ओढ्यापलीकडचा उंबर देवाचा मानला जातो, पण असतो शेजाऱ्याच्या गटात. भांडू नका. दोन्ही हद्दी नकाशावर वेगळ्या रंगात दाखवा. कागदावरची हद्द कायद्यासाठी आणि गावाची हद्द करारासाठी. भिंत बांधू नका. दगडी खुणा, निवडुंगाची किंवा शेराची झाडं पुरेशी आहेत. जनावरांची वाट अडवणाऱ्या कुंपणानं रानाचं नुकसानच होतं.

तिसरी पायरी: जे फक्त तोंडी आहे ते लिहा

म्हाताऱ्या माणसांकडे बसून तीन प्रकारची माहिती उतरवून घ्या. राईत काय चालतं आणि काय चालत नाही: कुठं चप्पल काढायची, कोणतं झाड कशासाठी तोडायला कौल मिळतो, पडलेल्या लाकडाचं काय करायचं, होळीचा माड किंवा सावर कुठून आणायची. कोणत्या घराचा कोणता मान आणि कोणतं काम. आणि पाणी: झरा कधी आटला होता, ओढ्याची धार कुठं होती. जबाबाखाली तारीख, वय आणि सही किंवा अंगठा घ्या, दोन साक्षीदार ठेवा.

हे काम भावनेपोटी करायचं नाही, तो पुरावा आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आणि विहिरी, स्मशानं, पवित्र स्थळं अशा प्राचीन वापराच्या खुणा, हे दोन्ही पुरावे म्हणून मान्य आहेत. जबाब देणारी माणसं ऐंशीच्या घरातली आहेत, त्यामुळे बाकी काही झालं नाही तरी ही पायरी या वर्षी उरका.

सोबत झाडांची नोंद करा. तालुक्याच्या कॉलेजमधल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना बोलवा. जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. पुष्कळ गावांत ती बाहेरच्या माणसानं भरून कपाटात ठेवलेली आहे. ती उघडा आणि देवराईचं पान खऱ्या माहितीनं भरा.

चौथी पायरी: माणसं

सिंधुदुर्गात बारा-पाच मानकऱ्यांना, म्हणजे देवकार्याचा परंपरागत मान असलेल्या घरांना, डावलून देवराईचा कुठलाही ठराव टिकत नाही. आधी देवळात गाऱ्हाणं घाला, रीत असेल तिथं कौल लावा, मग ग्रामसभेत या. देवासमोर झालेला निर्णय ग्रामसभेत मोडायची हिंमत सहसा कोणी करत नाही, आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय देवासमोरच्या निर्णयाला सरकारी कचेरीत किंमत नाही. दोन्ही लागतात.

मुंबईच्या मंडळाला शेवटी कळवायची चूक करू नका. जीर्णोद्धाराचा पैसा तिथून येतो, सामाईक सातबाऱ्यावरची बरीच नावंही तिथंच राहतात. गणपतीत किंवा शिमग्यात चाकरमानी गावात असताना बैठक घ्या. काँक्रीटचा सभामंडप आणि पेव्हर ब्लॉकचं अंगण याच लोकांना हवं असतं, पण राई कापून ते करायचं नाही, हे त्यांच्यासमोर नकाशा ठेवून बोलावं. देवराईची सर्वांत जास्त हानी परक्यांनी केलेली नाही. ती भक्तिभावानं झालेल्या बांधकामानं केली आहे, आणि हे गावानं एकमेकांना सांगितल्याशिवाय थांबणार नाही.

आणखी एक बोलावंच लागेल. काही देवरायांत बायकांना प्रवेश नाही, काहींत गावकुसाबाहेरच्या वस्तीला मान नाही, तरी सरपण, कंद आणि पाणी यांची सर्वांत खोल माहिती याच लोकांना असते. जुनी मानपानाची रचना जशीच्या तशी समितीत उतरवली, तर निम्मं गाव राखणीला येणार नाही आणि येऊ नये असंच मला वाटतं. देवकार्य ज्यांचं आहे त्यांचं राहू द्या. राखणीची समिती वेगळी करा आणि तिथं प्रत्येक वाडीची माणसं घ्या, निम्म्या बायका घ्या.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं हे काम कसं करायचं ते दाखवलं आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतो, आणि आधी अभ्यासगट विषय समजून घेतो. बहुमतानं जिंकलेला देवराईचा ठराव हरलेली बाजू पुढच्या निवडणुकीत उलटवते. सहमतीला एक वर्ष जास्त लागलं तरी लागू द्या.

पाचवी पायरी: जमिनीप्रमाणे कायद्याची वाट

वनखात्याच्या जमिनीवर देवराई असेल तर वनहक्क कायदा, २००६ हा सर्वांत भक्कम आधार. कलम ३(१) मध्ये गावानं परंपरेनं राखलेल्या सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, नमुना ‘क’ (फॉर्म सी) मध्ये सामूहिक वनसंपत्तीचा दावा भरते, पडताळणी होते, मग दावा उपविभागीय आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हवेत आणि उपस्थितांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. गणपूर्तीच्या सह्या नीट नसतील तर दावा अडू शकतो, म्हणून हजेरीपट जपा. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रात, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा करता येते, मोठ्या ग्रामपंचायतीत पाड्याचा आवाज बुडत असेल तर आधी ते करा. आदिवासी नसलेल्या गावांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, हा भाग कठीण आहे. हा कायदा धार्मिक-सांस्कृतिक हक्कालाही किती बळ देतो हे ओडिशातल्या नियमगिरीनं दाखवलं. सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ ला तो प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि डोंगरिया कोंधांच्या नियमराजाच्या डोंगरावरची बॉक्साइट खाण बाराच्या बारा ग्रामसभांनी नाकारली.

देवस्थानाची जमीन असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० पाहा. देवस्थान नोंदलेलं नसेल तर नोंदवा आणि देवराईचा प्रत्येक गट परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर आणा. हे झालं की कलम ३६ आपोआप पहारा देतं: विक्री, अदलाबदल, बक्षीस किंवा शेतजमिनीचा दहा वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय होत नाही. पण झाडतोड आणि बांधकाम यांवर हे कलम पुरेसं नाही. म्हणून देवस्थानच्या घटनेत किंवा योजनेत दुरुस्ती करून ‘देवराईतली जमीन, झाडं आणि झरा हीच देवस्थानची मूळ मिळकत असून तिचं स्वरूप बदलता येणार नाही’ असं कलम घाला. सिंधुदुर्गातली आणि कोल्हापूरकडची अनेक देवळं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत येतात. तुमचं त्यात असेल तर समितीशी लेखी समजुतीचा करार करून स्थानिक राखण समितीला मान्यता मिळवा.

महसुली जमीन किंवा गायरान असेल तर दोन मार्ग. जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली मायरिस्टिकाची (रानजायफळाच्या जातीच्या झाडांची) दलदल आणि आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या उगमाचं देवळाजवळचं २.११ हेक्टर क्षेत्र असंच जाहीर झालं. आंबोलीला निमित्त होतं तिथल्या कुंडात सापडलेली माशाची नवी जात, शिस्टुरा हिरण्यकेशी. दोन्ही ठिकाणं देवाच्या नावानं राखलेली होती, ही नोंद प्रस्तावात ठळक करा. दुसरं, गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग खटल्यातला २८ जानेवारी २०११ चा निकाल तहसीलदारांना द्यायच्या अर्जात आवर्जून उद्धृत करा.

आता खासगी जमीन. खरी गुंतागुंत इथं आहे.

अमेरिकेत यासाठी एक सरळ साधन आहे, त्याला ते कॉन्झर्व्हेशन ईझमेंट म्हणतात. मालकी, वहिवाट, वारसा, सगळं मालकाकडेच राहतं. तो फक्त काही हक्क कायमचे सोडतो: बांधकाम करायचा, झाडं विकायचा, तुकडे पाडायचा. ते बंधन पाळलं जातंय का हे पाहण्याचा आणि न पाळल्यास कोर्टात जाण्याचा हक्क एखाद्या न्यासाला किंवा सरकारी संस्थेला मिळतो, आणि पुढचा प्रत्येक खरेदीदार त्यानं बांधला जातो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या दहा आदिवासी राष्ट्रांच्या सिंकियोन परिषदेला २०२२ च्या सुरुवातीला रेडवूडचं ५२३ एकर रान परत मिळाल्याचं जाहीर झालं, ते याच रचनेनं. जमीन परिषदेच्या मालकीची आणि बंधन राखण्याचा हक्क ती जमीन देणाऱ्या ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’कडे. एकानं मोडायचं म्हटलं तर दुसरा आडवा येऊ शकतो.

आपल्याकडे हे जसंच्या तसं होत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार (ईझमेंट) अधिनियमाच्या कलम ४ नुसार असा हक्क एका जमिनीच्या मालकाला, त्याच्या जमिनीच्या उपभोगासाठी, दुसऱ्या जमिनीवर मिळतो. शेतातून जायची वाट किंवा पाण्याचा पाट ही त्याची ओळखीची रूपं. ज्या संस्थेची शेजारी जमीनच नाही, तिला हा हक्क धरता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४० मध्येही तेच: ‘अमुक करायचं नाही’ हे बंधन माहीत असलेल्या पुढच्या खरेदीदारावरही लागू होतं, पण ते लागू करून घेणाऱ्याची स्वतःची जमीन असावी लागते, जिला त्या बंधनाचा फायदा होतो.

यातूनच वाट निघते. देवस्थानाची, ग्रामपंचायतीची किंवा करारात सामील दुसऱ्या एखाद्या खातेदाराची जमीन देवराईला लागून असेल, तर तिच्या फायद्यासाठी देवराईच्या गटावर बंधन घालता येतं: झरा त्या जमिनीला पाणी देतो, झाडांमुळे तिची धूप थांबते, तिच्यावरच्या देवळाच्या वापराला राई लागते. करारात हा फायदा शब्दांत लिहिला नाही तर बंधनाचा पायाच राहत नाही. लागून जमीन नसेल तर ती मिळवता येते का पाहा, पण दोन अडसर आधी तपासा. तुकडेबंदी कायदा लहान तुकडा तोडून देऊ देत नाही, आणि कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत, बक्षीस किंवा भाडेपट्ट्यानं घेता येत नाही.

अमेरिकी पद्धतीच्या सर्वांत जवळचं आपलं साधन वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ३६ सी मध्ये आहे: सामुदायिक राखीव क्षेत्र. समाज किंवा एखादा मालक स्वखुशीनं पुढे आला, तर त्याच्या खासगी किंवा सामूहिक जमिनीला राज्य सरकार हा दर्जा देऊ शकतं. वन्यजीवांबरोबरच ‘पारंपरिक आणि सांस्कृतिक संवर्धन मूल्यं’ हे कारण कायद्यातच लिहिलं आहे. मालकी बदलत नाही. अधिसूचनेनंतर जमिनीच्या वापरात बदल करायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता, दोन्ही लागतात. राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिथल्या देवरायांच्या, प्रकरणात १८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं देवरायांना हाच दर्जा देण्याची शिफारस केली. महाराष्ट्रातल्या प्रस्तावाला तो निकाल जोडा.

मालक घाबरतील, आणि त्यांची भीती खोटी नाही. १९७५ साली खासगी रानं सरकारजमा झालेली त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी पाहिली आहेत, म्हणून वनखात्याचं नाव निघालं की दार बंद होतं. ‘भाडेपट्टा’ म्हटलं की कूळ लागेल अशी धास्ती. अशा ठिकाणी पहिल्याच भेटीत अधिसूचनेची भाषा नको. दहा-पंधरा वर्षांच्या मुदतीच्या संवर्धन कराराने सुरुवात करा: मालक झाडं राखेल, त्याबदल्यात त्याला वार्षिक मोबदला किंवा मदत. पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन) ही संस्था संगमेश्वर भागात खासगी रानांच्या मालकांशी असे करार करत आली आहे, आणि बेहड्या-हिरड्यासारख्या फळांना चांगला भाव मिळवून उभं झाड तोडलेल्या झाडापेक्षा फायद्याचं करायचा तिचा प्रयत्न आहे. मुदतीचा करार कायमचं संरक्षण देत नाही. पण त्या वर्षांत विश्वास तयार होतो, वारसनोंदी पुऱ्या करायला वेळ मिळतो आणि पुढचं पाऊल सोपं होतं.

सहावी पायरी: करार लिहिताना

वारसनोंदी आधी. सामाईक खात्यात एका हिस्सेदाराची सही राहिली तर उद्या तोच करार अडवणार. परदेशातल्या हिस्सेदाराचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा, आणि ते फक्त या करारापुरतं ठेवा.

मसुद्यात बंधनं मोघम लिहू नका. ‘पर्यावरणाचं रक्षण केलं जाईल’ या वाक्यावर कोर्ट काहीच करू शकत नाही. उभं झाड तोडणार नाही, मशीन आत आणणार नाही, बोअर मारणार नाही, माती-दगड काढणार नाही, झऱ्यापासून अमुक मीटरच्या आत पक्कं बांधकाम करणार नाही, असं लिहा. देवळाची दुरुस्ती जुन्या पायाच्या बाहेर जाणार नाही, हे स्वतंत्र कलम करा. मग काय चालेल तेही तितक्याच स्पष्टपणे: जत्रा, पालखीची वाट, पडलेलं लाकूड देवकार्याला, औषधी पाला अमुक प्रमाणात, झऱ्याचं पिण्याचं पाणी. गावाचा वापर बंद करणारा करार गाव पाळत नाही.

बंधन राखण्याचा हक्क दोन वेगळ्या हातांत द्या, एक गावातला आणि एक बाहेरचा. गावची समिती नात्यागोत्यानं गप्प बसली तर बाहेरचा न्यास बोलेल. बाहेरचा न्यास बंद पडला तर त्याची जागा कोण घेईल, हेही करारात असू द्या. जमीन विकायची झाल्यास पहिला प्रस्ताव देवस्थानाला किंवा समितीला, हे कलम घाला. विक्रीवर संपूर्ण बंदी मात्र घालू नका, कायद्यापुढे ती टिकत नाही.

करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नंतर तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफारासाठी अर्ज करून बंधनाची नोंद ‘इतर हक्क’ रकान्यात आणा. करारानंतर सगळ्यात जास्त हेलपाटे याच कामाला लागतात, आणि तेच सर्वांत गरजेचं आहे, कारण खरेदीदार पाहतो तो सातबारा. नोंद दिसली की ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव उरत नाही. अर्ज तोंडी नाकारला तर लेखी उत्तर मागा आणि तहसीलदारांकडे जा.

सातवी पायरी: दरवर्षीची राखण

कराराच्या दिवशीची स्थिती फोटो, झाडांची यादी आणि नकाशा यांसह कराराला जोडा, नाहीतर पाच वर्षांनी काय बदललं हे सिद्ध करता येणार नाही. मग वर्षातून दोन फेऱ्या: एक पावसाळ्याआधी, एक दिवाळीनंतर. मोठ्या झाडांचे घेर मोजा, झऱ्याची धार बादली किती वेळात भरते यावरून नोंदवा, हद्दीचे दगड पाहा. शाळेतली मुलं सोबत घ्या. नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवा आणि चार नेहमीच्या ग्रामसभांपैकी, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, एकीत ती वाचून दाखवा.

‘सुशोभीकरणा’पासून सांभाळा. पर्यटनाच्या निधीतून पायवाट, दिवे, बाकं येतात आणि खालची पालापाचोळ्याची गादी जाते. रोपं लावायची असतील तर त्याच राईतल्या बियांची. गुलमोहर, सुरू, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांना आत जागा नाही.

आठवी पायरी: मशीन दारात आलं तर

झाडं पडायला लागली असतील तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला लेखी तक्रार आणि फोटो त्याच दिवशी द्या. १९६४ च्या झाडतोड विनियमन कायद्याच्या यादीत हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत, आणि खासगी जमिनीतही ती विनापरवाना तोडता येत नाहीत. जमीन विकली गेल्याचं कळलं तर फेरफाराच्या नोटिशीला १५ दिवसांत हरकत घ्या, हरकत आली की नोंद वादग्रस्त ठरते आणि सुनावणी होते. देवस्थानची मिळकत धोक्यात असेल तर हितसंबंध असलेले दोन किंवा अधिक भाविक धर्मादाय आयुक्तांच्या संमतीनं कलम ५० खाली दावा लावू शकतात. करारभंग असेल तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम. पर्यावरणाच्या मोठ्या हानीसाठी पुण्यातलं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, तिथं वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज लागतो.

यातलं काहीही त्या दिवशी शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून सातबारे, मोजणीचा नकाशा, जबाब, ठराव, करार आणि जुने फोटो यांच्या फाइलच्या किमान चार प्रती आत्ताच करा: ग्रामपंचायतीत, देवस्थानाकडे, वकिलाकडे आणि मुंबईच्या मंडळाकडे. पहिल्या पानावर वनपरिक्षेत्र अधिकारी, तहसीलदार, पोलीस ठाणं आणि वकील यांचे फोन नंबर लिहा, आणि अधिकारी बदलला की ते पान बदला.